चोपदार : एका जुन्या मानाच्या पदाची कहाणी



स्मरणिकेसाठी एखादा ऐतिहासिक लेख द्या, असा मंडळाचा निरोप आला तेव्हा मला विषय शोधावा लागला नाही. काही वर्षांपूर्वीच्या विसर्जन मिरवणुकीतला एक प्रसंग मनात घर करून बसला होता. त्या वर्षी मुलांनी दरबाराचा देखावा केला होता. दोन पोरे भालदार-चोपदार झाली होती. डोक्याला लाल पागोटे, कमरेला शेला, हातात सोनेरी कागद लावलेली काठी. ध्वनिक्षेपकावरून त्यांची ललकारी सुरू होती आणि मागे ढोल-ताशे इतक्या जोरात वाजत होते की शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नव्हते. त्याच गर्दीत एक चार-पाच वर्षांची मुलगी आईच्या हातातून सुटली. आई रडत व्यासपीठाच्या गाडीपर्यंत आली. नाव पुकारले गेले, एकदा नव्हे, दहा वेळा. पण ढोल थांबले नाहीत, कारण वाजवणाऱ्यांपर्यंत ती पुकार पोहोचलीच नाही. शेवटी अर्ध्या तासाने ती चिमुकली तलावाच्या वाटेवरच्या एका पानठेल्यापाशी सापडली. गजाननाची कृपा, दुसरे काय!

त्या रात्री घरी परतल्यावर मनात प्रश्न आला. आपण चोपदाराचा वेश तर हुबेहूब उभा केला, पण खऱ्या चोपदाराचे काम काय असते? तो फक्त ओरडतो का? त्या प्रश्नाच्या मागे लागून जे वाचले आणि पुढे डोळ्यांनी पाहिले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

शब्द आणि काम

'चोपदार' हा शब्द मूळचा फारसी. 'चोब' म्हणजे लाकूड, काठी. ती धारण करणारा तो चोबदार. मराठीच्या जिभेवर तो चोपदार झाला. ही काठी साधी नसे. तिच्यावर चांदीचा पत्रा मढवलेला असे. भालदार त्याचा जोडीदार. त्याच्या हाती भाला. म्हणूनच आपण 'भालदार-चोपदार' असे जोडनाव घेतो.

दरबारात राजा येताना त्याच्या आगमनाची वर्दी देणे, त्याचे किताब क्रमाने आणि न चुकता उच्चारणे, आलेल्या माणसाला पुढे नेणे, दरबारात शांतता राखणे, ही यांची कामे. किताबाच्या उच्चारात एक शब्द मागेपुढे झाला तरी मानापमानाचे प्रकरण उभे राही. तमाशातल्या वगाने आणि शाळेच्या स्नेहसंमेलनाने चोपदाराला विनोदी पात्र करून टाकले आहे. प्रत्यक्षात मात्र तो राजाचा उंबरठा सांभाळणारा माणूस होता. त्याच्या दंडापलीकडे राजा आणि अलीकडे रयत.

प्रतीहार आणि कंचुकी

शब्द फारसी असला तरी पद आपल्याकडे त्याहून पुष्कळ जुने आहे. संस्कृतात त्याला प्रतीहार किंवा वेत्रधर म्हणत. वेत्र म्हणजे वेताची छडी. प्रतीहारांचा मुख्य तो महाप्रतीहार. बिहारमध्ये वैशालीजवळ बसाढ येथे विसाव्या शतकाच्या आरंभी उत्खनन झाले. त्यात गुप्तकाळातील मातीच्या मुद्रा मोठ्या संख्येने सापडल्या, त्यांत महाप्रतीहाराच्या पदाचा उल्लेख असलेली मुद्राही आहे. म्हणजे द्वारावर उभ्या राहणाऱ्या या अधिकाऱ्याची स्वतःची मोहर होती! उत्तर भारतातील एका बलाढ्य राजवंशाने तर 'प्रतीहार' हेच नाव घेतले आणि रामाच्या द्वारी पहारा देणाऱ्या लक्ष्मणाशी आपले नाते सांगितले.

कालिदासाच्या 'अभिज्ञानशाकुंतला'च्या पाचव्या अंकात असाच एक सेवक भेटतो. तो आहे म्हातारा कंचुकी. तरुणपणी राजवाड्याची रीत म्हणून हाती घेतलेली वेताची काठी आता आपल्याला चालताना आधार म्हणून लागते, याचे त्याला वाईट वाटते. कण्वांचे शिष्य दारात आले आहेत. राजा न्यायासनावरून नुकताच उठला आहे, दमला आहे. त्याला पुन्हा त्रास कसा द्यावा? कंचुकी क्षणभर घुटमळतो. मग स्वतःलाच बजावतो की प्रजेचा भार वाहणाऱ्याला विसावा नसतो, आणि आत जाऊन वर्दी देतो. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. राजाचे नाव बाहेर पोहोचवणे हे या पदाचे अर्धे काम. बाहेरच्यांचे म्हणणे राजाच्या कानी घालणे हे उरलेले अर्धे.

आग्रा आणि रायगड

मोगल दरबारात या सगळ्या व्यवस्थेवर मीर तुजुक नावाचा अधिकारी असे. दरबाराचा शिस्तीचा क्रम त्याच्याकडे. त्याच्या हाताखाली यसावल आणि गदा धारण करणारे गुर्जबरदार असत. कोण कुठे उभा आहे, यावरून त्याची किंमत कळे. १२ मे १६६६ रोजी आग्र्याच्या दरबारात शिवाजीमहाराजांना उभे केले गेले ते मागच्या रांगेत. पुढे जसवंतसिंहाची पाठ. महाराजांचा संताप झाला तो उगाच नव्हे. शब्दही न बोलता, केवळ जागेवरून, बादशहाने त्यांना पाच हजारी मनसबदारांच्या ओळीत बसवले होते. महाराजांनी ती जागा नाकारली, आणि त्या नकाराची कथा आपण आजही सांगतो.

पुढे आठ वर्षांनी, ६ जून १६७४ रोजी, रायगडावर राज्याभिषेक झाला. मुंबईच्या इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन तेथे हजर होता. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना सोनेरी भाल्यांवर लावलेली चिन्हे त्याने नोंदवून ठेवली आहेत. एका बाजूला मोठ्या दातांच्या माशांची सोन्याची दोन मस्तके, दुसऱ्या बाजूला घोड्यांची पुच्छे, आणि एका मूल्यवान भाल्याच्या टोकावर समतोल तराजू. तराजू हे न्यायाचे चिन्ह, हे त्या परक्या माणसालाही कोणी समजावून सांगण्याची गरज पडली नाही. आग्र्याच्या दरबारात ज्यांना मागे उभे केले होते, त्यांनी स्वतःच्या दरबारात भाल्यावर तराजू लावला. चिन्हांची भाषा ती हीच.

विलायतेतील भाऊबंद

युरोपातही असेच पद वाढले. तेथे त्याला हेरल्ड म्हणत. चिलखतात नखशिखान्त झाकलेला सरदार ओळखायचा कसा? त्याच्या ढालीवरच्या चिन्हावरून. ती चिन्हे पाठ असणारा, त्यांची नोंद ठेवणारा आणि राजाचा निरोप शत्रूच्या गोटात निर्भयपणे नेणारा तो हेरल्ड. त्याला युद्धातही कोणी हात लावत नसे.

इंग्लंडमधील या अधिकाऱ्यांचा प्रमुख म्हणजे 'गार्टर किंग ऑफ आर्म्स'. हे पद पाचव्या हेन्रीने १४१५ साली निर्माण केले आणि विल्यम ब्रूजेस हा पहिला गार्टर झाला. १४८४ मध्ये तिसऱ्या रिचर्डने या मंडळींना सनद देऊन त्यांची संस्था स्थापन केली. 'कॉलेज ऑफ आर्म्स' या नावाने ती लंडनमध्ये आजही चालू आहे. तीन राजे, सहा हेरल्ड आणि चार उमेदवार अशा तेरा जणांचा तो दफ्तरखाना. 'राजे' हा नुसता मान. राज्य त्यांना नाही. १० सप्टेंबर २०२२ रोजी तिसऱ्या चार्ल्सच्या राज्यारोहणाची घोषणा सेंट जेम्स राजवाड्याच्या सज्जातून झाली, ती वाचली त्या वेळचे गार्टर डेव्हिड व्हाइट यांनी. सहाशे वर्षांनंतरही पुकारण्याचा मान त्याच पदाकडे!

गार्टरचे पद निर्माण झाले त्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १४१५ रोजी, अजँकूरची लढाई झाली. इंग्रज आणि फ्रेंच दोन्हीकडचे हेरल्ड ती लढाई पाहत होते. लढाई संपल्यावर हेन्रीने जय कोणाचा हे विचारले ते आपल्या सरदारांना नव्हे, तर शत्रुपक्षाच्या मोंजॉय नावाच्या हेरल्डला. त्याने सांगितले, जय तुमचा. आपल्याच धन्याचा पराभव त्याने खरेपणाने पुकारला. या पदाचा खरा आब त्या सत्यवचनात होता. किनखापी अंगरखा ही केवळ वरची सजावट.

नागपूर, रतनपूर आणि रायपूर

आता आपल्या घराकडे वळू. आपण छत्तीसगडात राहणारी मराठी माणसे. आपल्यातले काही कारखान्याच्या नोकरीनिमित्त सिलतऱ्याला आलेले, काहींची घराणी मात्र भोसल्यांच्या काळापासून या मातीत रुजलेली. त्या इतिहासातही किताबांना आणि चिन्हांना मोठी जागा आहे.

नागपूरकर भोसल्यांचा किताब 'सेनासाहेबसुभा'. हा मान साताऱ्याच्या छत्रपतींकडून येई. त्याची वस्त्रे आली की गादीवरचा हक्क पक्का. १७५५ मध्ये पहिले रघुजीराजे वारले तेव्हा त्यांच्या मुलांत वारसाहक्काचा तंटा लागला. तो मिटला तो किताब आणि मुलूख यांच्या वाटणीने. जानोजींना सेनासाहेबसुभा आणि नागपूर, मुधोजींना 'सेनाधुरंधर' हा किताब आणि चांदा, साबाजींना वऱ्हाडातील दारव्हा, आणि बिंबाजींना छत्तीसगड. बिंबाजीराजे रतनपूरला येऊन राहिले आणि १७८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच त्यांनी राज्य केले. रतनपूरच्या रामटेकडीवरचे राममंदिर त्यांनीच बांधले. येथल्या दप्तरात मराठी आणि मोडी आली ती त्यांच्याच काळात. दसऱ्याला सोने वाटण्याची प्रथा या भागात त्यांच्यापासून सुरू झाली, असे सांगतात. आज आपण सिलतऱ्यात दसऱ्याला एकमेकांच्या हातावर आपट्याची पाने ठेवतो, तेव्हा त्या दरबाराची आठवण नकळत जागी होते.

१८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली. तिच्यानंतर कंपनी सरकारचा अंमल सुरू झाला आणि १८१८ मध्ये छत्तीसगडचे मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला आले. १८३० मध्ये हा मुलूख तिसऱ्या रघुजीराजांच्या हाती परत आला खरा, पण ते ११ डिसेंबर १८५३ रोजी निपुत्रिक वारले. डलहौसीने दत्तक मान्य केला नाही. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य, आणि त्याबरोबर आपला रायपूर प्रांतही, खालसा झाला. राजवाड्यातील जडजवाहीर कलकत्त्याला लिलावात निघाले. हत्ती-घोडे मातीमोल भावाने विकले गेले. बांकाबाईसाहेबांनी आणि राण्यांनी अर्ज केले, विनवण्या केल्या. परंतु वर्दी द्यायची कोणाला? ज्या दरबारात कैफियत ऐकली जावी तो दरबारच राहिला नव्हता, आणि कलकत्त्याच्या दारावर त्यांच्या बाजूने दंड उचलणारा कोणी नव्हता.

१८५७ नंतर सरकारने त्या घराण्याचा दत्तक मान्य केला आणि जानोजीराजांना किताब दिला, 'देऊरचे राजेबहादूर'. देऊर हे सातारा जिल्ह्यातील गाव. कोठे सेनासाहेबसुभा आणि कोठे देऊरचे राजेबहादूर! राज्य गेल्याचे दुःख तर होतेच. पण पुकारला जाणारा किताबही दुसऱ्याने आखडून दिला, हे दुःख वेगळेच.

१ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीला व्हिक्टोरिया राणीच्या 'कैसर-ए-हिंद' या पदवीचा दरबार भरला. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने हिंदी संस्थानिकांना रेशमी निशाणे वाटली. प्रत्येकावर विलायती पद्धतीची ढाल आणि चिन्हे. ती चिन्हे बेतून दिली होती रॉबर्ट टेलर नावाच्या बंगालमधील एका मुलकी अधिकाऱ्याने. शिंदे, होळकर, गायकवाड यांच्यासाठीही अशी निशाणे झाली. ज्यांच्या पूर्वजांनी अटकेपर्यंत भगवे आणि जरीपटके नेले, त्यांना आता आपले निशाण दुसऱ्याकडून मिळत होते. राज्यकर्ते म्हणून त्या रांगेत नागपूरकर भोसल्यांना तर जागाच नव्हती.

दंड माउलींच्या दारी

मग चोपदाराचे काय झाले? मोठमोठी संस्थाने होती तेथे तो १९४७-४८ पर्यंत राहिला. इंग्रजी अमदानीत तो उच्च न्यायालयांतही शिरला. मुंबई आणि मद्रास येथील न्यायमूर्तींच्या पुढे दंडधारी चोपदार चालण्याची प्रथा त्यातलीच. शिर्डीत साईबाबांच्या चावडीच्या मिरवणुकीत चोपदाराची ललकारी असे. पण हे पद खऱ्या अर्थाने जगले ते एका अगदी वेगळ्या दरबारात, आळंदीहून पंढरीला जाणाऱ्या पालखीत.

या पालखी सोहळ्याला आजचे रूप दिले हैबतबाबा आरफळकर यांनी. ते सातारा जिल्ह्यातील आरफळचे, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार. नोकरीहून गावी परतताना सातपुड्याच्या रानात भिल्लांनी त्यांना अडवले, बाबांनी हरिपाठाचा घोष सुरू केला आणि त्यांची सुटका झाली, अशी कथा सांगतात. त्यांनी घरची वाट सोडली आणि आळंदी गाठली. १८३२ च्या सुमारास ज्ञानेश्वर माउलींचा स्वतंत्र पालखी सोहळा त्यांनी सुरू केला. त्याआधी, १६८५ पासून, तुकोबारायांचे पुत्र नारायणमहाराज यांनी ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एकत्र नेण्याची परंपरा घातली होती. हैबतबाबांनी दरबार जवळून पाहिलेला. त्यांनी तो सगळा लवाजमा माउलींच्या चरणी आणला. घोडे, तंबू, नैवेद्य यांची सेवा बेळगाव भागातील अंकलीच्या शितोळे सरकारांनी पत्करली. दिंड्यांना क्रमांक आले. रथाच्या पुढे सत्तावीस, बाकीच्या मागे. आणि या सर्वांना शिस्तीत ठेवण्यासाठी हाती दंड घेतलेला चोपदार आला.

काळ लक्षात घ्या. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली. साताऱ्याची गादी १८४८ मध्ये आणि नागपूरची १८५४ मध्ये खालसा व्हायची होती. महाराष्ट्रात एकेक सिंहासन रिकामे होत असताना एका सरदाराने दरबाराची रीत अशा राजाकडे सोपवली, ज्याच्याकडे खजिना नाही, फौज नाही, आणि ज्याचे राज्य कोणी खालसा करू शकत नाही!

लोणंदचा तळ

काही वर्षांपूर्वी नातेवाइकांबरोबर मला वारीत चार दिवस चालण्याचा योग आला. लोणंदच्या तळावर संध्याकाळची समाजआरती पाहिली, आणि त्या मिरवणुकीच्या रात्रीच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले.

पालखी तळावर येते. दिंड्या तिच्याभोवती गोल धरून उभ्या राहतात. हजारो टाळ, शेकडो मृदंग एकाच वेळी वाजत असतात, नुसता गजर. मग मध्यभागी चोपदार आपला दंड उंच करतो आणि दीर्घ हाक देतो. क्षणात सारे शांत. लाखांचा जमाव, आणि पताकेची फडफड ऐकू यावी इतकी शांतता. ना पोलिसाची शिट्टी, ना ध्वनिक्षेपकाची विनंती. माझ्या अंगावर काटा आला.

पण खरे नवल पुढेच आहे. त्या शांततेत एका बाजूने टाळ वाजतच राहिले. माझ्यासारख्या नवख्याला वाटले, या मंडळींना दंड दिसला नाही की काय? शेजारच्या आजोबांनी समजावले, 'त्यांची तक्रार आहे.' रीतच तशी आहे. दिवसभरात ज्या दिंडीवर काही अन्याय झाला असेल, तिने अशा वेळी टाळ थांबवायचे नाहीत. चालण्याचा क्रम चुकवला, जागेवरून वाद झाला, पाण्याची गैरसोय झाली, काहीही असो. ओरडायचे नाही, भांडायचे नाही. फक्त टाळ वाजवत राहायचे. चोपदार स्वतः त्या दिंडीपाशी चालत जातो, गाऱ्हाणे ऐकतो. शक्य असेल तर तिथेच निवाडा होतो, नाही तर सोहळ्याच्या प्रमुखांपुढे विषय ठेवण्याचे ठरते. दिंडीचे समाधान झाले की तिचे टाळ थांबतात. तोपर्यंत आरती होत नाही. लाखो लोक आणि प्रत्यक्ष माउलींची पालखी एका दिंडीच्या तक्रारीसाठी थांबते!

यानंतर चोपदार हरवले-सापडले सांगतो. कोणाची पिशवी, कोणाचा टाळ, कोणाचा चष्मा. ज्याचे असेल त्याने खूण पटवून न्यावे. दुसऱ्या दिवशी पालखी किती वाजता निघेल तेही तोच सांगतो. मग आरती होते.

मी तेथे उभा होतो आणि मला ती हरवलेली चिमुकली आठवत होती. आमच्या मिरवणुकीतही चोपदार होता, ललकारी होती, काठीही होती. नव्हती ती शांतता, आणि कोण अजून टाळ वाजवत आहे हे पाहण्याची दृष्टी. कंचुकीचा घुटमळलेला पाय, मोंजॉयचे खरे बोलणे, रायगडावरच्या भाल्यावरचा तराजू, हे सारे त्या एका दंडात एकत्र आले आहे असे मला वाटले. राजांचे चोपदार राजांबरोबर गेले. हा राहिला, कारण तो पुकारण्याइतकाच ऐकतो.

आपल्या सिलतऱ्यात

सिलतऱ्याच्या आसपासच्या गावांत कोटवार असतो. गावात मुनादी करायची ती त्यानेच. ग्रामसभा, लसीकरण, हरवलेले गुरू, मृत्यूची बातमी, सगळे त्याच्या आवाजात गावभर फिरते. गार्टर आणि महाप्रतीहार यांच्या मानाने तो फार लहान मानधनाचा माणूस. पण कुळ एकच. त्याने पुकारले की गाव कान देते, आणि गावात काय चालले आहे हे ठाण्याला कळते तेही त्याच्याकडूनच. त्याच्याकडे पाहताना आपली मान थोडी आदराने लवावी, इतके तरी हा इतिहास आपल्याला शिकवो.

रायपूर-बिलासपूर रस्त्यावरच्या या औद्योगिक क्षेत्रात आवाजाला तोटा नाही. कारखान्यांचे भोंगे, स्पंज आयर्नच्या भट्ट्यांची घरघर, मालाने भरलेल्या ट्रकांची रात्रंदिवस ये-जा. पाळी सुटली की वेगवेगळ्या प्रांतांतली, वेगवेगळ्या बोलींची माणसे रस्त्यावर येतात. कोणाला घरभाड्याची अडचण, कोणाच्या मुलाच्या शाळेचा प्रश्न, कोणी गावाकडच्या आजारी आईच्या काळजीत. हे सगळे टाळ वाजतच असतात. आपल्या गोंगाटात ते ऐकू येत नाहीत, इतकेच. गणेशोत्सवाचे दहा दिवस तरी ते ऐकू यावेत, यासाठीच तर आपण एकत्र येतो.

म्हणून मंडळापुढे एक नम्र सूचना ठेवतो. रोजच्या सायंआरतीपूर्वी आपणही दोन मिनिटे शांततेची ठेवावीत. मंडळातील एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीच्या हाती साधा वेताचा दंड असावा, चांदीचा नको. दंड वर झाला की ध्वनिक्षेपक बंद, ढोल बंद, बोलणे बंद. त्या शांततेत हरवले-सापडले सांगावे, आणि ज्याला काही अडचण सांगायची आहे त्याच्यापाशी कार्यकर्त्यांनी स्वतः चालत जावे. विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल-ताशा पथकालाही ही खूण आधी समजावून द्यावी. दंड दिसला की टिपरू थांबलेच पाहिजे. मग एखाद्या आईला आपल्या लेकराचे नाव दहा वेळा पुकारावे लागणार नाही.

गणपती हा गणांचा नायक. मोठे कान हे त्याचे पहिले लक्षण, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्याच्या दारातल्या चोपदारानेही आपले कान उघडे ठेवावेत, यापेक्षा मोठी सेवा ती कोणती?

सर्वांना गणेशोत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा.

गणपती बाप्पा मोरया! मंगलमूर्ती मोरया!